ऋतू आणि हंगाम : १९६७ च्या हिवाळ्याची एक नोंद

१.

ऋतू आणि हंगाम हे दोन शब्द आपण बोलताना पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. पण भाषेने त्यांच्यात एक बारीक भेद जपून ठेवलेला आहे. ऋतू येतो आणि जातो. हंगाम मात्र धरावा लागतो, साधावा लागतो, आणि कधी कधी तो हातचा जातो. हिवाळा हा ऋतू. उसाच्या गाळपाचा मात्र हंगाम. लग्नसराईचा हंगाम असतो, नाटकमंडळ्यांच्या दौऱ्यांचा असतो, आंब्याचा असतो. ऋतूची सुरुवात कोणी ठरवत नाही. हंगामाला बहुधा ठरलेला आरंभ असतो, मधला हिशेब असतो आणि शेवटी ताळेबंद असतो. थोडक्यात, माणसाने ऋतूवर बसवलेली व्यवस्था म्हणजे हंगाम.

हा भेद येथे नोंदवण्याचे कारण असे की, हिवाळ्याचा हंगाम बनवण्याचा एक प्रयत्न विसाव्या शतकात आल्प्स पर्वताच्या उतारांवर झाला, आणि त्याची कागदपत्री जन्मतारीखही सांगता येते. अल्पाइन स्कीइंग या खेळाच्या शर्यती त्यापूर्वी अनेक दशके होत होत्या. विजेते होते, विक्रम होते, दंतकथाही होत्या. पण 'हंगाम' नव्हता. तो जानेवारी ते मार्च १९६७ या तीन महिन्यांत प्रथम अस्तित्वात आला. सुट्यासुट्या शर्यतींना एका सूत्रात ओवणारी ही पहिली विश्वचषक मालिका होय.

बर्फाशी आपला संबंध शरबताच्या ग्लासापुरता. तेव्हा साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. आमचे उत्तर असे, की घटनांचा इतिहास कसा होतो, हा प्रश्न आपल्या विषयात आपल्याला सतत छळत असतो. कालखंड कोठे सुरू करायचा, कोणाला प्रातिनिधिक म्हणायचे, एका थोर कृतीचे मोल अधिक की सातत्याने केलेल्या कामाचे, हे वाद आपण वर्षानुवर्षे घालतो. १९६७ च्या या हिवाळ्यात हेच प्रश्न आकडेमोडीच्या रूपाने समोर आले आणि तीन महिन्यांत त्यांची उत्तरेही मिळाली. ती उत्तरे सर्वस्वी न्याय्य होती असे नाही. पण ती कशी काढली गेली हे उघड दिसते. साहित्यात ते सहसा दिसत नाही.

२.

पूर्वपीठिका थोडी सांगायला हवी. स्कीवरून चालणे, धावणे हे नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत फार जुने आहे. डोंगराच्या तीव्र उतारावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यतीला नियमबद्ध रूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि त्यात मोठा वाटा आल्प्समध्ये हिवाळी सहलीला येणाऱ्या इंग्रजांचा होता. या घडामोडीचे काही धागे अनपेक्षितपणे हिंदुस्थानापर्यंत येऊन पोचतात. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे झालेल्या शर्यतीला ज्यांनी आपल्या नावाचा चषक दिला ते लॉर्ड रॉबर्ट्स कानपूरला जन्मलेले. १८८० साली काबूलहून कंदाहारवर कूच करून तेथील लढाई जिंकणारे सेनापती ते हेच. त्यांच्या पदवीतील 'कंदाहार' हे नाव चषकाला चिकटले, चषकावरून ते एका स्की-क्लबला मिळाले, आणि तेथून १९२८ पासून ऑस्ट्रियातील सांक्ट आंटोन येथे सुरू झालेल्या 'आर्लबर्ग-कंदाहार' या प्रख्यात शर्यतीत ते कायमचे जाऊन बसले. अफगाणिस्तानातील एका तप्त शहराचे नाव आल्प्सच्या हिमावर असे उमटले. ज्यांनी १९२२ मध्ये म्यूरेन येथे आधुनिक स्लालम शर्यत प्रथम मांडली ते आर्नल्ड लन हेही मद्रासमध्ये जन्मलेले. त्यांचे वडील तेथे मिशनरी डॉक्टर होते.

लन यांनी केलेला बदल साहित्याच्या वाचकाला विचार करायला लावणारा आहे. वळण घेण्याच्या स्पर्धांमध्ये तोपर्यंत शैलीलाही गुण दिले जात. वळण कसे दिसले, अंग कसे झुकले, हे परीक्षक पाहत. लन यांनी उतारावर काठ्यांच्या जोड्या रोवून फाटके उभी केली आणि सांगितले की, सर्व फाटकांतून जायचे आणि कमीत कमी वेळात खाली पोचायचे. बाकी कशाला गुण नाहीत. शैलीचा निवाडा परीक्षकाच्या रुचीकडून घड्याळाकडे गेला. या बदलाने शैली संपली असे मात्र झाले नाही. ती वेगात विरघळली, आणि प्रत्येकाला आपापली शोधावी लागली.

पुढे तीन प्रकार रूढ झाले. डाउनहिल ही सरळ वेगाची आणि धाडसाची शर्यत, एकाच फेरीत संपणारी. स्लालम ही जवळजवळ रोवलेल्या फाटकांतून दोन फेऱ्यांत होणारी, चपळाईची शर्यत. जायंट स्लालम या दोहोंच्या मधली. १९३१ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. १९३६ पासून ऑलिंपिकमध्येही हा खेळ आला, आणि तो पुरुष व स्त्रिया दोघांसाठी एकाच वेळी आला. त्याखेरीज वेंगनची लाउबरहॉर्न शर्यत, किट्झब्यूलची हानेनकाम शर्यत अशी मानाची ठाणी होती. जत्रा गावोगावच्या असाव्यात, प्रत्येकीचा देव वेगळा, मान वेगळा, अशी ही स्थिती होती.

या व्यवस्थेतील उणीव एका उदाहरणाने स्पष्ट होईल. फ्रान्सच्या गी पेरिया याने १९६१ च्या हिवाळ्यात वेंगन आणि किट्झब्यूल या दोन्ही ठिकाणच्या डाउनहिल शर्यती जिंकल्या. त्या वर्षी त्याच्या तोडीचा डाउनहिलपटू शोधणे कठीण होते. पण युद्धोत्तर काळात ऑलिंपिक आणि जागतिक अजिंक्यपद या दोन्ही स्पर्धा सम वर्षांत येत; १९६१ हे विषम वर्ष. त्यामुळे पेरियाच्या त्या हिवाळ्याला नाव देता येईल असा किताबच नव्हता. जाणकारांच्या आठवणीत तो राहिला; इतिहासाच्या पानावर त्यासाठी रकाना नव्हता.

३.

हा रकाना आखण्याची कल्पना सुचली ती एका पत्रकाराला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सर्ज लाँग हे आल्सास प्रांतातील म्यूलूझचे. पॅरिसच्या 'लेकिप' या क्रीडा-दैनिकासाठी लिहिणारे. या दैनिकाची परंपरा ध्यानात घेतली म्हणजे पुढचे सारे सुसंगत वाटू लागते. त्याचे पूर्वरूप असलेल्या 'लोतो' या पत्राने खप वाढावा म्हणून १९०३ मध्ये 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत सुरू केली होती. १९५५ मध्ये युरोपातील फुटबॉल क्लबांची चषक स्पर्धा सुरू झाली, तीही 'लेकिप'च्याच पुढाकाराने. वृत्तपत्राला रोजचा मजकूर लागतो. एक शर्यत एका दिवसाची बातमी देते. शर्यतींची मालिका वाचकाला उद्याच्या अंकाकडे खेचते. मासिकातल्या कादंबरीच्या प्रकरणाखाली छापलेल्या 'क्रमशः' या शब्दाने जे साधते, तेच येथे गुणतक्त्याने साधायचे होते.

जानेवारी १९६६ मध्ये किट्झब्यूलच्या शर्यतीच्या वेळी, डोंगरावरच्या एका उपाहारगृहात लाँग यांनी ही कल्पना फ्रेंच संघाचे संचालक ओनोरे बोने आणि अमेरिकन संघाचे प्रशिक्षक बॉब बीटी यांच्याशी बोलून पाहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉलचा विश्वचषक रंगला आणि 'विश्वचषक' या शब्दाभोवती केवढे वलय असते हे जगाने पाहिले. नाव तेथून आले. ऑगस्ट १९६६ मध्ये चिलीतील पोर्तियो येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. दक्षिण गोलार्धात ऑगस्ट म्हणजे हिवाळा. या खेळाची अजिंक्यपद स्पर्धा विषुववृत्ताच्या दक्षिणेला एवढी एकदाच झाली आहे. अँडीज पर्वतातल्या त्या एकाकी मुक्कामात योजनेचा तपशील ठरला आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष मार्क होडलर यांनी ती जाहीर केली. पाचच महिन्यांनी, विषम वर्ष असलेल्या १९६७ मध्ये, तिची सुरुवात होणार होती.

नियम साधे होते. प्रत्येक शर्यतीतील पहिल्या दहा जणांना अनुक्रमे २५, २०, १५, ११, ८, ६, ४, ३, २ आणि १ असे गुण. डाउनहिल, स्लालम आणि जायंट स्लालम या तिन्ही प्रकारांत प्रत्येकाच्या उत्तम अशा तीनच निकालांचे गुण धरायचे. म्हणजे कोणी कितीही शर्यती जिंकल्या तरी एका प्रकारात ७५ आणि एकूण २२५ गुणांपलीकडे जाता येणार नाही. पुरुष आणि स्त्रियांचे तक्ते वेगळे. गुणांचा कोठा मात्र एकच. विजेत्यांसाठी स्फटिकाचा चषक आला तो एव्हियाँ या खनिजजल कंपनीच्या पुरस्काराने. हौशी खेळाच्या सोवळ्यात वाढलेल्या त्या क्षेत्रात व्यापाराने हा पाय उंबरठ्याच्या आत टाकला होता.

आणखी एक गंमत. या मालिकेला महासंघाच्या अधिवेशनाची औपचारिक मान्यता मिळाली ती १९६७ च्या वसंतात, बैरूत येथे. तोवर पहिला हंगाम संपून चषक वाटलेही गेले होते. म्हणजे हंगाम घडत असताना तो अधिकृत नव्हताच. तो घडून गेला, लोकांनी मानला, आणि मग त्याला नाव-गोत्र मिळाले. वाङ्मयीन चळवळींच्या बाबतीत असे घडताना आपण पाहतोच. येथे ते एका क्रीडा-संस्थेच्या कागदपत्रांत नोंदले गेले आहे.

४.

५ जानेवारी १९६७ रोजी तत्कालीन पश्चिम जर्मनीतील बेर्ख्टेसगाडेन येथे पहिली शर्यत झाली. प्रकार स्लालम; विजेता ऑस्ट्रियाचा हाइनी मेस्नर. दोनच दिवसांनी ओबरस्टाउफेन येथे स्त्रियांची पहिली शर्यत कॅनडाच्या नॅन्सी ग्रीनने जिंकली. मग मालिका आल्प्सच्या ठाण्याठाण्यांतून पुढे सरकली. आडेलबोडेन, वेंगन, किट्झब्यूल, मेजेव ही जुनी, मानाची नावे आता एकाच तक्त्याच्या ओळी झाली. शेवटी मार्चमध्ये सारा काफिला अटलांटिक ओलांडून अमेरिकेत फ्रँकोनिया, व्हेल आणि जॅक्सन होल येथे गेला.

पुरुषांच्या तक्त्यात कथा उरली नाही, कारण एकाच माणसाने ती संपवून टाकली. वाल दिझेर या डोंगराळ गावात वाढलेला ज्याँ-क्लोद किली त्या वेळी तेवीस वर्षांचा होता. आदल्या ऑगस्टमध्ये पोर्तियोत त्याने डाउनहिलचे जगज्जेतेपद मिळवले होते. आता १७ शर्यतींपैकी १२ त्याने जिंकल्या. डाउनहिलच्या पाचही, जायंट स्लालमच्या पाचपैकी चार आणि स्लालमच्या सातपैकी तीन. त्याचे एकूण गुण २२५, म्हणजे नियमानुसार जेवढे मिळणे शक्य होते तेवढे सर्व. दुसऱ्या क्रमांकावरील मेस्नरचे ११४, तिसऱ्या क्रमांकावरील पेरियाचे १०८. दुसरा आणि पहिला यांच्यात जवळजवळ दुपटीचे अंतर.

हा तक्ता क्षणभर नीट पाहावा. किलीच्या बारा विजयांपैकी हिशेबात धरले गेले नऊ. उरलेल्या तीन विजयांचे मोल तक्त्यात शून्य आहे. त्या शर्यतींत तो शेवटचा आला असता किंवा गेलाच नसता, तरी त्याच्या नावापुढचा आकडा बदलला नसता. तक्ता मोठेपणा मोजतो खरा. पण मोजायला घेतलेले माप भरले की पुढचे सांडून जाते. असे सांडणे टाळण्यासाठी माप मोठे करावे तर ज्यांचे थोडे पण उत्तम आहे त्यांच्यावर अन्याय होतो. कवीचे मोजमाप त्याच्या तीन उत्तम कवितांनी करावे की समग्र कवितांनी, हा वाद ज्यांनी घातला आहे त्यांना ही अडचण नवी वाटणार नाही.

पेरियाच्या दृष्टीने पाहिले तर हा तक्ता आणखी वेगळा दिसतो. सहा वर्षांपूर्वीच्या त्याच्या उत्तम हिवाळ्याला रकाना नव्हता. रकाना तयार झाला तेव्हा त्या रकान्यात भरायला किली होता. पुढच्याच वर्षी ग्रेनोब्ल ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचे सुवर्ण किलीने पेरियाहून ०.०८ सेकंदाने सरस ठरून मिळवले. इतिहासाची चौकट तयार होण्याआधी आपले सर्वोत्तम देऊन बसलेली माणसे प्रत्येक क्षेत्रात असतात.

५.

स्त्रियांच्या तक्त्यात मात्र 'क्रमशः' शेवटच्या दिवसापर्यंत टिकला. नॅन्सी ग्रीन ब्रिटिश कोलंबियातील रॉसलंड या गावची. तिचा आवेश पाहून तिला 'टायगर' हे टोपणनाव पडलेले. तिच्यासमोर होता फ्रान्सचा संघ, आणि फ्रान्सचा संघ म्हणजे त्या काळी एक पूर्ण घराणेच होते. पोर्तियोत दिल्या गेलेल्या २४ पदकांपैकी १६ या संघाने नेली होती. त्यात मारिएल गॉइशेल अग्रणी. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये तिने आणि तिची बहीण क्रिस्तीन हिने मिळून स्लालम आणि जायंट स्लालमची दोन्ही सुवर्णपदके घरी नेली होती. स्लालममध्ये धाकटी दुसरी आली, जायंट स्लालममध्ये थोरली. शिवाय आनी फामोझ, इझाबेल मीर ही मंडळी होतीच. फ्रेंच स्त्रिया एकमेकींना पाहत, एकमेकींशी झुंजत तयार झाल्या. कॅनडाचा संघ तेव्हा नेल्सन गावातील एका विद्यापीठाच्या आश्रयाने, शिकत शिकत सराव करणारा. आल्प्सपासून समुद्रापलीकडे.

ग्रीनने हंगामाची सुरुवात विजयाने केली, पण मध्येच युरोप सोडून ती कॅनडाला परतली आणि काही शर्यतींना मुकली. फ्रेंच स्पर्धकांनी तेवढ्यात गुण जमवले. हंगाम ही व्यवस्था येथे आपले खरे रूप दाखवते. एका दिवसाच्या स्पर्धेत जी अनुपस्थित ती नाहीच. मालिकेत मात्र अनुपस्थितीचीही किंमत ठरते आणि ती पुढे भरून काढता येते. मार्चमध्ये मालिका अमेरिकेत आली. शेवटचा मुक्काम वायोमिंगमधील जॅक्सन होल. तेथली जायंट स्लालम ग्रीनने जिंकली. उरली शेवटची स्लालम, आणि तिच्यावरच चषकाचा निकाल.

दोन फेऱ्या मिळून ग्रीन आणि गॉइशेल यांच्यात अंतर पडले ते ०.०७ सेकंदाचे. ग्रीन पहिली आली. अंतिम गुण असे : ग्रीन १७६, गॉइशेल १७२, फामोझ १५८. जानेवारीत सुरू झालेली आणि दोन खंडांत पसरलेली ही स्पर्धा अखेर एका सेकंदाच्या सात शतांशांवर आली.

सात शतांश सेकंद म्हणजे किती? पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो. उतारावर तेवढ्या वेळात स्कीपटूचे अंग हातभर किंवा थोडे अधिक पुढे सरकते. या अंतराला कौशल्यातील फरक म्हणावे का, याची शंका वाटते. एखाद्या फाटकापाशी बर्फ किंचित घट्ट असेल, दुसऱ्या जागी घसरट असेल. पण तक्त्याला ही शंका ठाऊक नसते. तो २५ आणि २० असे लिहून मोकळा होतो. सात शतांशांचे पाच गुण झाले. त्याच ग्रीनने पुढल्या वर्षी ग्रेनोब्लच्या जायंट स्लालममध्ये २.६४ सेकंदांच्या फरकाने सुवर्णपदक मिळवले. विश्वचषकाची शर्यत असती तर त्या प्रचंड फरकाचेही पाचच गुण झाले असते.

गॉइशेलच्या बाजूने विचार केला तर मनाला चुटपुट लागते. ग्रेनोब्लमध्ये ती स्लालमची विजेती ठरली, ग्रीन दुसरी. जणू जॅक्सन होलचा निकाल उलटा फिरवला गेला. पण ऑलिंपिकचे सुवर्ण आणि विश्वचषक ही दोन वेगळी खाती. १९६८ चा विश्वचषकही ग्रीननेच जिंकला. मग दोघीही निवृत्त झाल्या आणि एकूण गुणांचा विश्वचषक गॉइशेलच्या हाती कधीच आला नाही.

तिच्याच बाबतीत तक्ते किती अंतिम असतात याचे दुसरे टोकही दिसते. पोर्तियोतील डाउनहिल ऑस्ट्रियाच्या एरिका शिनेगर या नावाने जिंकली गेली होती, गॉइशेल दुसरी. १९६७ च्या अखेरीस ग्रेनोब्लपूर्वीच्या वैद्यकीय चाचणीत शिनेगर हे जैविकदृष्ट्या पुरुष असल्याचे आढळले. त्यानंतर एरिक या नावाने त्यांनी आयुष्य नव्याने उभे केले, आणि कित्येक वर्षांनी आपले सुवर्णपदक गॉइशेलला देऊन टाकले. महासंघाच्या नोंदीत आज त्या शर्यतीची विजेती गॉइशेल आहे. एक किताब सात शतांशांनी गेला, दुसरा अनेक वर्षांनी दारी आला. नोंदवहीतले नाव बदलता येते. पण पोर्तियोत विजेत्याच्या चौथऱ्यावर उभे राहण्याचा तो क्षण, जो एकीचा व्हायचा होता आणि दुसऱ्याच्या वाट्याला आला, तो दोघांपैकी कोणालाही परत देता आला नाही.

६.

या पहिल्या हंगामाने पुढे काय केले? पहिली गोष्ट म्हणजे 'हौशी' या शब्दाचे ढोंग उघडे पाडले. तीन महिने दोन खंडांत फिरणाऱ्या, वर्षभर सराव करणाऱ्या माणसाला दुसरा चरितार्थ असू शकत नाही, हे कोणालाही कळत होते. स्की बनवणाऱ्या कंपन्यांचे हितसंबंध तर उघडच होते. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना ही 'व्यापारी' मंडळी डोळ्यांसमोर नको होती. १९६८ च्या ग्रेनोब्ल ऑलिंपिकआधी स्कीवरील कंपन्यांच्या नावांवरून मोठा तंटा झाला. १९७२ मध्ये साप्पोरो ऑलिंपिकच्या तोंडावर ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्ट्सला व्यावसायिकतेच्या आरोपावरून घरी पाठवण्यात आले. तो १९६९ आणि १९७० असा दोनदा विश्वचषक जिंकलेला होता. हंगामाने ज्याला थोर ठरवले त्याला ऑलिंपिकने अपात्र ठरवले. काळाने कौल कोणाच्या बाजूने दिला हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट, एकदा तक्ता आला म्हणजे तक्त्याचे राजकारणही येते. स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कने १९७८–७९ च्या हंगामात १३ शर्यती जिंकल्या, जायंट स्लालमच्या तर दहाच्या दहा. तरीही एकूण गुणांत तो पाचवा आला आणि चषक स्वित्झर्लंडच्या पेटर ल्यूशरला मिळाला. कारण प्रत्येक प्रकारातील मोजकेच निकाल धरण्याचा नियम, आणि डाउनहिलपासून दूर राहणारा स्टेनमार्क. एका नियमात किलीचे तीन विजय वाया गेले तरी त्याचे काही बिघडले नाही. तशाच नियमात स्टेनमार्कचा मुकुट गेला. पुढे नियम बदलले. १९७९–८० पासून पहिल्या पंधरांना गुण मिळू लागले, १९९१–९२ पासून पहिल्या तिसांना, आणि विजेत्याचे गुण १०० झाले. त्यामुळे वेगवेगळ्या काळातील गुणांची तुलना करता येत नाही. तुलना होते ती विजयांच्या संख्येची. स्टेनमार्कचा ८६ विजयांचा आकडा मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने ओलांडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने शंभरावा विजय मिळवला. तिला मिळालेली वर्षागणिक वाढती शर्यतसंख्या किलीच्या पिढीला उपलब्ध नव्हती, हेही तिच्या थोरवीला बाध न आणता नोंदवायला हवे.

तिसरी गोष्ट 'विश्व' या शब्दाची. १९६७ चे विश्व म्हणजे आल्प्स आणि उत्तर अमेरिकेतील तीन डोंगर. भारताचे नाव त्या काळी या खेळात आढळते ते जेरेमी बुजाकोव्स्की या पोलंडात जन्मलेल्या आणि भारतात वाढलेल्या स्कीपटूमुळे; १९६४ आणि १९६८ या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो भारताच्या वतीने उतरला. तक्त्यात त्याच्यासारख्यांना जागा नव्हती, कारण तक्ता पहिल्या दहांपाशी थांबत होता. आपल्या प्रदेशाला 'विश्व' म्हणण्याची ही सवय काही केवळ खेळातली नाही. 'विश्वसाहित्य' हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांसमोर किती भाषा येतात, याची मोजदाद प्रत्येकाने आपापली करावी.

आणि अखेर ऋतूविषयी. १९६७ चा हंगाम ज्या ऋतूवर उभा होता तो ऋतूच आता भरवशाचा राहिलेला नाही. लहर त्याची पूर्वीही होती. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकला बर्फ कमी पडला, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरावरून तो वाहून आणून उतारांवर पसरला होता. पण तो अपवाद होता. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील उतार जवळजवळ संपूर्णपणे यंत्राने तयार केलेल्या बर्फाचे होते, आणि आल्प्समधल्या शर्यतींनाही बर्फ पाडणाऱ्या यंत्रांचा आधार आता नित्याचा झाला आहे. वेळापत्रक आधी छापले जाते, हिवाळा त्याप्रमाणे तयार केला जातो.

सर्ज लाँग यांनी ऋतूतून हंगाम काढला होता. आता हंगामासाठी ऋतू बनवावा लागत आहे. किली, ग्रीन आणि गॉइशेल यांच्या त्या तीन महिन्यांचा इतिहास पुन्हा वाचताना आम्हांला सर्वांत जुनाट वाटली ती गुणांची पद्धत नव्हे, स्फटिकाचा चषकही नव्हे. आभाळातून आपसूक पडणारे हिम तेथे असणारच, असे त्या सर्वांनी धरून चालणे, हे मात्र फार लांबच्या काळातले वाटले.